औषध नव्हते तेव्हा

जयपूरहून अजमेरकडे निघालेली आगगाडी फुलेरा मागे टाकते आणि किशनगढ येण्यापूर्वी तिलोनिया नावाच्या एका लहानशा स्थानकावरून जाते. पुष्करच्या यात्रेस जाणाऱ्या मराठी प्रवाशांपैकी फारच थोड्यांचे लक्ष त्या नावाकडे गेले असेल. परंतु भारतातील क्षयरोगाच्या इतिहासात या आडगावाचे स्थान मोठे आहे. १९०६ साली ख्रिस्ती मिशनने येथे क्षयरोग्यांसाठी मोकळ्या हवेतील आरोग्यधाम स्थापन केले. आपल्या देशातील या प्रकारची ती पहिली संस्था मानली जाते. पुढे दोन वर्षांनी अल्मोड्यास आणि १९१२ मध्ये आपल्याकडे पाचगणीस बेल-एअर येथे अशीच आरोग्यधामे निघाली.

या आरोग्यधामांत रोग्यास नेमके काय मिळत होते? औषध तर नव्हतेच. बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखविला तो १८८२ साली, आणि त्या जंतूवर चालणारे स्ट्रेप्टोमायसिन हाती आले ते १९४३ साली. मधल्या साठ वर्षांत वैद्यकास शत्रूची ओळख पटली होती. हातात शस्त्र मात्र नव्हते. कोरडी हवा, पूर्ण विश्रांती, दूध-अंड्यांचा सकस आहार आणि रात्रंदिवस जागणारी परिचारिका, एवढ्यावरच सारी भिस्त होती.

परिचारिकेचे काम बाहेरून पाहणाऱ्यास क्षुल्लक वाटावे असेच होते. ठरल्या वेळी ताप पाहून तक्त्यावर त्याची रेघ ओढणे, ठरावीक दिवशी वजन करणे, थुंकीचे भांडे झाकून ठेवणे आणि ती थुंकी जाळून टाकणे, खोकल्याबरोबर रक्त आले तर घाबरलेल्या रोग्यास स्थिर पडून राहावयास लावणे. डॉक्टर दिवसातून एकदा येई. सायंकाळी अर्ध्या अंशाने चढलेला ताप प्रथम कळे तो परिचारिकेस. रोग्याने आज अंगणापर्यंत चालावे की अंथरुणातच राहावे, हा निर्णय तिने ओढलेल्या त्या रेघेवरून होत असे.

आपल्या जुन्या वैद्यकास हे तत्त्व अपरिचित नव्हते. चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगी शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी ममता आणि शुचिता असावी, असेही त्याने म्हटले आहे. चौरंगाचा एक पाय नसला तरी उरलेल्या तिहींवर तो कसाबसा तोलून धरता येतो. तिलोनियात औषधाचा पाय नसताना अधिक भार घेतला तो परिचारिकेने.

१९५२ हे साल मोठ्या पालटाचे ठरले. त्या वर्षी आयसोनियाझिड हे स्वस्त आणि प्रभावी औषध क्षयावर लागू पडल्याचे सिद्ध झाले. त्याच वर्षी अमेरिकेत सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी हृदयरोगाच्या शुश्रूषेतील एका जुन्या नियमास धक्का दिला. हृदयविकाराचा झटका आलेल्या रोग्यास चार-सहा आठवडे उताणे निजवून ठेवण्याची तेव्हा रीत होती. या दोघांनी अशा रोग्यांना लवकरच आरामखुर्चीत बसविले, आणि त्यांना अपाय न होता उलट हुशारी वाटू लागल्याचे दिसून आले. छातीच्या आणि हृदयाच्या अशा दोन्ही व्याधींत खाटेचे माहात्म्य एकदमच ओसरू लागले.

मग प्रश्न आला तो असा की, गोळी घरीही घेता येत असेल तर आरोग्यधाम कशास हवे? त्याचे उत्तर भारतातच मिळाले. १९५६ साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या संशोधन केंद्राने गरीब वस्तीतील काही रोग्यांना आरोग्यधामात, तर काहींना त्यांच्या घरीच वर्षभर औषध दिले. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी जगास चकित केले: घरी राहिलेले रोगीही जवळजवळ तितकेच बरे झाले होते. १९६२ मध्ये सुरू झालेला आपला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम याच पायावर उभारला गेला. आरोग्यधामे रिकामी होत गेली. तिलोनियाच्या ओसाड इमारतींत १९७२ पासून ग्रामीण सेवाकार्याची एक संस्था नांदू लागली. ‘बेअरफूट कॉलेज’ म्हणून ती पुढे जगप्रसिद्ध झाली.

या कथेवरून, औषध आले आणि शुश्रूषेचे महत्त्व संपले, असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. तो बरोबर नाही. मद्रासचे रोगी घरी होते, पण ते एकटे नव्हते. केंद्राच्या सेविका अवचित दारात येत, उरलेल्या गोळ्या मोजत, औषध खरोखरच पोटात जाते आहे ना याची खात्री करून घेत. दोन महिन्यांत खोकला थांबला की रोग्यास औषध नकोसे होते, आणि अर्धवट सोडलेला उपचार रोगास अधिकच बळकट करतो. तापाची रेघ ओढणारी परिचारिका आता गोळ्यांचा हिशेब ठेवू लागली होती.

आणि जेथे आजही औषध नाही तेथे काय? मराठी घरांना व देवळांना जयपूरची ओळख आहे ती तेथील संगमरवरी मूर्तींमुळे. त्याच जयपूरहून आग्र्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दौसा जिल्ह्यात, सिकंदरा येथे वालुकाश्म कोरणाऱ्यांची मोठी वस्ती आहे. त्या दगडाची सिलिकायुक्त धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. यासाठी राजस्थान सरकारने २०१९ साली स्वतंत्र धोरण जाहीर केले. परंतु कठीण झालेले फुप्फुस पूर्ववत करणारा उपाय वैद्यकास अद्याप सापडलेला नाही. उशांच्या आधाराने रोग्यास बसते करणे, ओठ आवळून सावकाश श्वास सोडावयास शिकविणे, थोडेथोडे अन्न वारंवार देणे, प्राणवायूवर लक्ष ठेवणे, आणि अशा फुप्फुसात सहज शिरणाऱ्या क्षयाची पहिली खूण ओळखणे, हे सर्व परिचारिकेनेच करावयाचे असते. पुढे हृदयावर ताण येऊन पाय सुजू लागतात, तेही पुष्कळदा तिच्याच नजरेस प्रथम पडते.

म्हणून रुग्णालयाची योग्यता केवळ यंत्रांवरून आणि औषधांवरून ठरवू नये. रात्रपाळीस एका परिचारिकेकडे किती रोगी सोपविले आहेत, हेही विचारावे. तिच्या वाट्याचे रोगी जितके अधिक, तितका प्रत्येकाकडे पाहण्याचा तिचा वेळ कमी. आणि अर्ध्या अंशाने चढलेला ताप पाहावयास तेवढा वेळ तर लागतोच.