पुण्यातील व्यावसायिक फुटबॉल क्लब : मालकी, आर्थिक अडचणी आणि खेळाडूंची पांगापांग

पुणे शहरातून २००७ ते २०१९ या काळात चार व्यावसायिक फुटबॉल क्लब राष्ट्रीय पातळीवर खेळले : पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स आणि एफसी पुणे सिटी. चारही क्लबांचा खर्च उद्योगसमूह किंवा उद्योजक घराणी उचलत होती. चौघांचेही घरचे मैदान बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल होते आणि २०१५ ते २०१९ या चार वर्षांत चौघेही राष्ट्रीय स्पर्धांतून नाहीसे झाले. आर्थिक अडचणीत सापडलेला क्लब आपला सर्वांत मोलाचा खेळाडू विकतो आणि त्या पैशांवर निदान काही काळ तग धरतो, असा फुटबॉलच्या जगातला रिवाज आहे. पुण्यात खेळाडू गेले, पण त्यांच्या जाण्याने एकही क्लब सावरला नाही. हे क्लब स्वतःच्या मिळकतीवर उभेच नव्हते. मालकाच्या ताळेबंदातला तो एक खर्च होता आणि मालकाने हात आखडता घेतला की क्लबही संपत होता. पुण्याच्या फुटबॉलचे खरे दुखणे तारांकित खेळाडू गमावण्यापेक्षा या रचनेत आहे.

पुणे एफसीची स्थापना अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये केली. द्वितीय श्रेणीतून वर येत क्लबने २००९-१० मध्ये आय-लीग या तेव्हाच्या सर्वोच्च राष्ट्रीय लीगमधल्या पहिल्याच हंगामात तिसरे स्थान मिळवले. प्रशिक्षक डेरिक परेरा यांच्या कारकिर्दीत २०१२-१३ मध्ये तो चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ उपविजेता ठरला आणि त्या बळावर २०१४ मध्ये आशियाई पातळीवर खेळला. गोलरक्षक सुब्रत पाल, मिझोरमचा जेजे लालपेखलुआ, जपानी नागरिकत्व सोडून भारताकडून खेळलेला अराता इझुमी आणि बचावपटू अनस एडथोडिका हे सारे या क्लबचे. याच संघात असलेला दक्षिण सुदानचा जेम्स मोगा उपविजेतेपदानंतर २०१३ मध्ये ईस्ट बंगालकडे गेला. क्लबची तरुणांसाठीची अकादमी देशातल्या चांगल्या अकादम्यांत मोडत असे. तरीही २०१४-१५ च्या हंगामानंतर पिरामल समूहाने वरिष्ठ संघ बंद केला. त्याच वर्षी कल्याणी समूहाच्या भारत एफसीनेही गाशा गुंडाळला. २०१४ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबला थेट आय-लीगमध्ये प्रवेश मिळाला होता. एकुलत्या एका हंगामात तो तळाशी राहिला आणि पुढच्या वर्षी मैदानात उतरलाच नाही.

तिसरा क्लब इतर तिघांहून वेगळा होता. शिवाजीयन्स हा १९८७ पासूनचा स्थानिक संघ. डी. एस. कुलकर्णी यांच्या बांधकाम समूहाने तो हाती घेतल्यावर त्याच्या नावाआधी मालकाची आद्याक्षरे आली. या समूहाने इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबच्या सहकार्याने पुण्यात निवासी अकादमीही चालवली. लालियानझुआला छांगटे हा मिझोरमचा विंगर इथे घडला. डिसेंबर २०१५ मध्ये, अठराव्या वर्षी, तो भारताकडून खेळला. पुढे २०२२-२३ आणि २०२३-२४ असा सलग दोन वर्षे तो अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हा त्याच्या अंगावर मुंबई सिटीची जर्सी होती. डीएसके शिवाजीयन्स आय-लीगचे दोनच हंगाम खेळला. ठेवीदारांचे पैसे थकल्याने मूळ समूह अडचणीत आला, २०१७-१८ च्या लीगमध्ये क्लब दिसला नाही आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये कुलकर्णी यांना अटक झाली. देशातला सर्वोत्तम ठरलेला खेळाडू ज्या क्लबच्या अकादमीत घडला, तो क्लब त्याचे मोल पदरात पडण्याइतकी वर्षे जगलाच नाही.

चौथा क्लब एफसी पुणे सिटी. इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हाच्या आठ फ्रँचायझींपैकी ही एक. डीएचएफएल ही गृहकर्ज कंपनी चालवणारे वाधवान कुटुंब तिचे मालक होते, हिंदी चित्रपट अभिनेते सहमालक होते आणि इटलीचा फिओरेन्तिना क्लब भागीदार होता. डेव्हिड त्रेझेगे, एड्रियन मुटू, मोहम्मद सिसोको अशी युरोपातली नावे एकेका हंगामासाठी बालेवाडीत येऊन गेली. हे खेळाडू क्लबची मालमत्ता होऊच शकत नव्हते. स्पर्धा दोन-अडीच महिन्यांची होती. पहिल्या वर्षी बहुतेक भारतीय खेळाडू एकतर स्पर्धेच्या आयोजकांशी करारबद्ध होते किंवा आय-लीगच्या क्लबांकडून उसने घेतलेले होते. जुलै २०१५ च्या लिलावात पुणे सिटीने मध्यरक्षक युजीनसन लिंगडोसाठी १ कोटी ५ लाख रुपयांची बोली लावली. ती रक्कम एका हंगामासाठी होती, आणि आय-लीगमध्ये लिंगडो बंगळूर एफसीचाच राहिला. ज्याला विकण्याचा हक्कच क्लबकडे नाही, त्याच्यावर केलेला खर्च गुंतवणूक ठरत नाही.

लीग पाच महिन्यांची झाली आणि क्लबांना दीर्घ करार करण्याची मुभा मिळाली, तेव्हा पुणे सिटीला प्रथमच स्वतःचा म्हणावा असा संघ बांधता आला. २०१७-१८ मध्ये ब्राझीलचा मार्सेलिन्यो आणि उरुग्वेचा एमिलियानो अल्फारो या जोडीने क्लबला चौथ्या स्थानावर नेले. पाच हंगामांत क्लबने बाद फेरी गाठली ती हीच. उपांत्य फेरीचा पहिला सामना बालेवाडीत गोलशून्य बरोबरीत सुटला आणि परतीच्या सामन्यात बंगळूरने सुनील छेत्रीच्या हॅटट्रिकच्या जोरावर ३-१ असा विजय मिळवला. या संघात मलप्पुरमचा आशिक कुरुनियन होता. पुणे एफसीच्या अकादमीतून आलेला हा तरुण स्पेनच्या व्हियारेआलमध्येही सराव करून आला होता. गोलरक्षक विशाल कैथ, बचावपटू सार्थक गोलुई आणि साहिल पनवार हेही कोवळ्या वयाचे होते. तीन-चार वर्षे हा संघ एकत्र राहिला असता, तर त्यातून क्लबला खेळही मिळाला असता आणि पैसाही.

त्यानंतरचा हंगाम बारकाईने पाहण्यासारखा आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस समूह कोसळला आणि साऱ्या बिगरबँकिंग वित्तसंस्थांना पैसा उभा करणे कठीण झाले. डीएचएफएल त्यांतली एक होती. ऑक्टोबरमध्ये, हंगामाला जेमतेम सुरुवात झाली असताना, प्रशिक्षक मिगेल आंखेल पोर्तुगाल यांना हटवण्यात आले. ६ जानेवारी २०१९ रोजी अबुधाबीत आशियाई चषकात भारताने थायलंडला ४-१ असे हरवले, तेव्हा आशिक पहिल्या अकरांत होता आणि कैथ भारताच्या चमूत. त्याच महिन्यात अल्फारो उसनवारीवर कोलकात्याच्या एटीकेकडे गेला आणि महिनाअखेरीस डीएचएफएलवर निधी अन्यत्र वळवल्याचे जाहीर आरोप झाले. जूनमध्ये कंपनीने व्याजाचे हप्ते चुकवले. उन्हाळ्यात आशिक बंगळूरकडे, कैथ चेन्नईयिनकडे, गोलुई आणि डिएगो कार्लोस मुंबई सिटीकडे गेले. ऑगस्टअखेर फ्रँचायझीचा हक्क हैदराबादच्या नव्या मालकांकडे गेल्याचे जाहीर झाले. मार्सेलिन्यो, आदिल खान, निखिल पुजारी, कमलजित सिंग आणि साहिल पनवार यांनी हैदराबाद एफसीची वाट धरली. नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने डीएचएफएलचे संचालक मंडळ बरखास्त केले, तोवर पुण्याचा क्लब उरलाच नव्हता.

या घटनाक्रमाची तुलना युरोपाशी केली की फरक लक्षात येतो. पुणे सिटीचा भागीदार फिओरेन्तिना स्वतः या आगीतून गेलेला आहे. मालक कर्जात बुडाल्यावर त्याने २००० मध्ये गाब्रिएल बातिस्तुता रोमाला आणि २००१ मध्ये रुई कोस्टा एसी मिलानला विकला, तरीही २००२ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. इंग्लंडच्या लीड्स युनायटेडने २००२ मध्ये रिओ फर्डिनंडला सुमारे ३ कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेडकडे दिले आणि दोन वर्षांत त्याची पदावनती झाली. खेळाडू विकून संकट टळतेच असे नाही, हे या दोन्ही उदाहरणांतून दिसते. पण दोन्ही क्लब आज हयात आहेत. फिओरेन्तिना नव्या नावाने चौथ्या श्रेणीतून सुरुवात करून वर आला, कारण फ्लोरेन्स शहर, तिथले समर्थक आणि तिथला फुटबॉल ही क्लबची पुंजी मालकाच्या कर्जात बुडाली नव्हती. भारतात विक्रीतून येणारा पैसाही तुटपुंजा होता. हैदराबादने २०२१ मध्ये गोव्याच्या लिस्टन कोलासोला एटीके मोहन बागानकडे दिले, तेव्हाची सुमारे एक कोटी रुपयांची ट्रान्सफर फी भारतीय खेळाडूसाठी विक्रमी मानली गेली. त्या काळात एका क्लबच्या खेळाडूंच्या वेतनावरील कमाल मर्यादा सोळा-सतरा कोटींच्या घरात होती. विक्रमी विक्रीतून महिन्याभराचे पगारही भागणार नसतील, तर तारांकित खेळाडू विकून क्लब वाचवणे हिशेबातच बसत नाही.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा की, दोष रचनेचा नाही, मालकांच्या नशिबाचा आहे. एक समूह ठेवीदारांच्या देण्यांत आणि दुसरा वित्तबाजाराच्या पेचात सापडला, याला फुटबॉल काय करणार? पण पिरामल आणि कल्याणी हे समूह क्लब बंद करताना दिवाळखोर नव्हते. मुंबईत महिंद्र युनायटेड २०१० मध्ये आणि पंजाबात फगवाड्याची जेसीटी २०११ मध्ये बंद झाली, तीही मालकांच्या निर्णयाने. गोव्यातील साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी २०१६ मध्ये आय-लीग सोडली, ती महासंघाच्या नव्या आराखड्याला विरोध म्हणून. कारणे वेगवेगळी आहेत, शेवट मात्र सारखाच आहे : एका बैठकीत ठराव होतो आणि क्लब राष्ट्रीय स्पर्धेतून नाहीसा होतो. हैदराबादच्या अनुभवाने याला पुष्टीच मिळाली. पुण्याच्या जागी आलेला हा क्लब मार्च २०२२ मध्ये आयएसएलचा विजेता झाला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या चमूत होता. दोनच वर्षांत थकलेली देणी, फिफाची खेळाडू नोंदणीवरील बंदी आणि अवघ्या एका विजयासह तळाचे स्थान अशी त्याची गत झाली. पुण्यातून तिथे गेलेला निखिल पुजारी जानेवारी २०२४ मध्ये बंगळूरकडे गेला. एकाच खेळाडूने पाच वर्षांत दोन शहरांतले क्लब मोडताना पाहिले. पुढे मालक बदलले आणि २०२५ मध्ये ही फ्रँचायझी दिल्लीत हलली.

दुसरा आक्षेप पुण्याच्या प्रेक्षकांवर आहे : हे क्रिकेटचे शहर, इथे फुटबॉल रुजलाच नाही. पण कॅम्प आणि खडकीच्या लष्करी वस्त्यांमुळे पुण्याला फुटबॉलची जुनी परंपरा आहे आणि जिल्हा संघटनेच्या लीगमध्ये आजही स्थानिक संघ खेळतात. बालेवाडीचे मैदान शहराच्या पश्चिम टोकाला, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेले, राज्य सरकारच्या मालकीचे. प्रेक्षक आणि मैदान यांच्यामध्ये धावपट्टी येते आणि पुणे सिटीच्या सामन्यांना आसनेही मर्यादित असत. अशा ठिकाणी तिकिटांतून क्लब पोसला जाणार नव्हता, हे मान्यच आहे. पण प्रेक्षक रुजायला पिढी लागते, आणि पुण्यातला सर्वांत दीर्घायुषी व्यावसायिक क्लब आठ वर्षे टिकला. ज्या मुलाने दहाव्या वर्षी पुणे एफसीचा झेंडा हातात घेतला, त्याला अठरावे लागेपर्यंत तो क्लब बंद झालेला होता.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. उद्योगसमूह नसते तर यातले काहीच झाले नसते : ना अकादम्या, ना आशिक, ना छांगटे. मालकांनी तोट्याची तयारी ठेवून पैसे घातले, हे त्यांचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. खेळाडूंचेही नुकसान झाले नाही, उलट ते मोठ्या क्लबांत गेले, असेही म्हणता येते. नावाजलेल्या खेळाडूंपुरते ते खरे आहे. मात्र अकादमीत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाला, राखीव संघातल्या खेळाडूला, फिजिओ आणि मैदान कर्मचाऱ्याला असा दुसरा क्लब सहज मिळत नाही. शिवाय भांडवल हवे, यावरून क्लबची संपूर्ण मालकी भांडवलदाराकडेच हवी, असे सिद्ध होत नाही. कोलकात्याचा ईस्ट बंगाल हा सभासदांचा क्लब आहे. २०१८ नंतर क्वेस, श्री सिमेंट आणि इमामी असे तीन गुंतवणूकदार तिथे आले, करारांवरून कडाक्याचे वाद झाले, खेळाडू आले-गेले. क्लब मात्र राहिला, कारण सभासद कुठेही गेले नाहीत.

महाराष्ट्रातच याचे दुसरे उदाहरण आहे. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब हे संघ पेठांचे आणि तालमींचे आहेत. शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने तुडुंब गर्दीत होतात. पुरस्कर्ते बदलतात, संघाचे चांगले खेळाडू दुसऱ्या तालमीत जातात, पण तालीम बंद होत नाही. हा स्थानिक पातळीवरचा फुटबॉल आहे, आयएसएलच्या खर्चाशी त्याची बरोबरी नाही, हे खरे. त्यातून घ्यायचा धडा खर्चाबद्दल नसून मालकीबद्दल आहे.

या इतिहासाकडे पाहता पुण्यात पुन्हा क्लब उभा करायचा झाल्यास तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतील. अकादमी वरिष्ठ संघाच्या मालकापासून कायद्याने वेगळी, न्यासाच्या किंवा सभासद संस्थेच्या ताब्यात हवी. फिफाच्या नियमांनुसार आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर फीतला पाच टक्के भाग त्या खेळाडूला वयाच्या बारा ते तेवीस वर्षांत घडवणाऱ्या क्लबांना मिळतो. असा वाटा घ्यायला आणि तो पुढच्या मुलांवर खर्च करायला संस्था जिवंत असावी लागते. क्लबचे नाव, चिन्ह आणि शहर बदलण्याचा अधिकार एकट्या गुंतवणूकदाराकडे नसावा. आणि हंगामाच्या पगाराइतकी रक्कम हंगामाआधीच स्वतंत्र खात्यात बाजूला ठेवण्याची अट महासंघाने घालावी. असा क्लबही अडचणीत येईल आणि प्रसंगी आपला सर्वोत्तम खेळाडू विकेल. पण त्या विक्रीचे पैसे पुण्यातल्या फुटबॉलवर खर्च होतील आणि पुढच्या हंगामात त्या खेळाडूच्या जागी उतरायला कुणीतरी इथेच तयार होत असेल.