मुरलेले पान : एका क्रियापदाचा आर्थिक इतिहास

‘मुरणे’ हे मराठीतील एक अर्थसमृद्ध क्रियापद होय. पाणी जमिनीत मुरते, मीठ लोणच्यात मुरते, ताप अंगात मुरतो, आणि दीर्घ सरावाने गवई आपल्या विद्येत मुरतो. या सर्व प्रयोगांत दोन गोष्टी समान आहेत : आत शिरणे आणि काळ जाणे. जुन्या क्यूबन चिरुटाची जी कीर्ती आहे, तिचे वर्णन करण्यास हेच क्रियापद सर्वांत अन्वर्थक ठरते.

क्यूबाच्या पिनार देल रिओ प्रांतात तंबाखूचे पान प्रथम कोठारात टांगून सुकवितात. पुढे ओलसर पानांचे ढीग रचले जातात. ढिगात उष्णता उत्पन्न होऊन पान आंबते. त्यातील अमोनिया निघून जातो, रंग गडद होतो व उग्रपणा ओसरतो. यानंतर गाठोड्यांत बांधलेले पान, आणि वळून झालेला चिरूटही, कित्येक वर्षे जपून ठेवतात. असा चिरूट ओढणारा धूर छातीत न घेता तोंडातच घोळवितो. धूर घशाला झोंबत नाही. जुने लाकूड, कमावलेले कातडे यांची आठवण देणारा एक मंद गंध मागे रेंगाळतो. मात्र मुरण्याने उग्रपणा कमी होतो, अपाय नव्हे.

या पानाच्या नावाचा प्रवासही उद्बोधक आहे. नोव्हेंबर १४९२ मध्ये कोलंबसाच्या दोन साथीदारांनी क्यूबात लोक पानांच्या पेटत्या सुरळ्या ओढताना पाहिले. लास कासास याने केलेल्या नोंदीप्रमाणे तेथील लोक त्या सुरळीलाच ‘ताबाको’ म्हणत. पोर्तुगीजांबरोबर हा शब्द भारतात आला तेव्हा त्याचा अर्थ सुरळीवरून पानावर सरकला होता. विजापुरास हे पान असद बेगाच्या दृष्टीस पडले व १६०४–०५ च्या सुमारास त्याने ते अकबरापुढे ठेवले. सुरळीला नावे मिळाली ती मात्र येथलीच. ‘चिरूट’ या शब्दाच्या मुळाशी तमिळ ‘सुरुट्टु’, म्हणजे गुंडाळी, हा शब्द आहे. ‘विडी’च्या मुळाशी संस्कृत ‘वीटिका’, म्हणजे पानाचा विडा. नवे व्यसन जुन्या उपचाराचे नाव धारण करून घरात शिरले.

बेळगाव जिल्ह्यातील निपाणी हे मराठी भाषकांच्या परिचयाचे तंबाखूचे मोठे केंद्र. येथील पान प्रामुख्याने विडीसाठी पिकते. शेतात उन्हावर वाळलेले पान शेतकरी विकतो आणि ते व्यापाऱ्याच्या वखारीत जाते. तेथे स्त्रिया धुळीत बसून ते कुटतात, चाळतात. वाट पाहण्याचे सामर्थ्य वखारीच्या मालकाजवळ असते. शेतकऱ्याला पीक हाती येताच कर्ज फेडावयाचे असते.

हाच प्रश्न चाकणच्या बाजारात वेगळ्या मालाच्या रूपाने उभा राहिला. कांदा मुरत नाही; त्याला मोड येतात, तो सडतो. रब्बीचा कांदा बराखीत काही महिने टिकतो, पण पावसाळी कांदा लागलीच विकावा लागतो. चाकणजवळील आंबेठाण येथे शेती करू लागलेल्या शरद जोशी यांनी १९७८ ते १९८० या काळात चाकणला कांद्याच्या भावासाठी आंदोलने केली. १९७९ मध्ये शेतकरी संघटना स्थापन झाली. उत्पादनखर्चावर आधारित रास्त भाव ही तिची मागणी होती. १९८१ मध्ये तेच आंदोलन निपाणीच्या तंबाखूपर्यंत पोहोचले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तेथे गोळीबार होऊन शेतकरी मृत्युमुखी पडले. नाशवंत कांद्याचा आणि टिकाऊ पानाचा उत्पादक एकाच मागणीसाठी रस्त्यावर आला, यावरून असे दिसते की प्रश्न केवळ मालाच्या टिकाऊपणाचा नव्हता. थांबण्याची ऐपत कोणाची, हा तो प्रश्न होता.

पुढे चाकणच्या परिसरात मोटारींचे कारखाने आले. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. पिंपरीत हे पर्व १९५०च्या दशकात हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सपासूनच सुरू झाले होते. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मोटारीची किंमत ती बनविणारा ठरवितो. त्याच रस्त्याने बाजारात येणाऱ्या कांद्याची किंमत, तो पिकविणाऱ्याच्या समोर, दुसरे कोणी पुकारतात.

मुरलेल्या चिरुटाचे मोल हे मुख्यतः सरलेल्या काळाचे मोल आहे. तो काळ ज्याच्या छपराखाली जातो, मोलही त्याचेच होते. मराठीने पाणी, लोणचे, गवई या साऱ्यांना ‘मुरणे’ बहाल केले; ज्याने पान पिकविले त्याला मात्र ते मुरेपर्यंत थांबता आले नाही.