दोन गावांचे चाकू
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

फारसीत एक देखणा शब्द आहे, कलमतराश. कलम तासणारा, म्हणजे बोरूला टोक काढायचा छोटा चाकू. इंग्रजीतला 'पेननाइफ' हा त्याचा सख्खा भाऊ. तिकडे पिसाची लेखणी, इकडे बोरू, एवढाच फरक. मोडी लिहिणाऱ्या आपल्या कारकुनांनाही बोरू तासल्यावाचून गत्यंतर नव्हतं. टोक तासून झालं की ते हाडाच्या किंवा हस्तिदंताच्या एका पट्टीवर टेकवून छाटायचं. तुर्की खुशनवीस त्या पट्टीला 'मक्ता' म्हणत. गझल वाचणाऱ्यांचे कान इथे टवकारतील, कारण गझलेच्या शेवटच्या शेरालाही मक्ताच म्हणतात. दोन्हींचं मूळ एकच, अरबीतला 'कापणे' या अर्थाचा धातू. खिशातल्या चाकूबद्दल मला वाटणाऱ्या जिव्हाळ्याचं हे पहिलं कारण.

दुसरं कारण साधं आहे. कुवेतला असलेल्या भाच्यानं काही वर्षांपूर्वी मला एक लाल स्विस चाकू आणून दिला. "मामू, कवितेला उपयोग नाही, पण ठेवा," म्हणाला. तेव्हापासून तो सदऱ्याच्या खिशात असतो. आंबा कापणं, पेन्सिल तासणं, पार्सलची सुतळी तोडणं, एस. टी.त शेजारच्याला लिंबू चिरून देणं ही त्याची रोजची कामं. बाटलीचं बूच काढायचा पिळाचा काटाही त्यात आहे. आमच्या घरात त्याला तसं काम नाही. पण घट्ट बसलेली गाठ त्यानं फार छान सुटते, आणि त्याच्या पिळात चष्म्याचा स्क्रू आवळायचा एक इवलासा स्क्रू ड्रायव्हर बसवलेला असतो. पन्नाशीनंतर माणसाला एवढं पुरतं.

मिटणारं पातं ही कल्पना फार जुनी. ऑस्ट्रियात हालश्टाट इथे हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू सापडला, तो सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात रोमन काळातलं चांदीचं एक हत्यार आहे. त्यात चमचा, काटा, सुरी, टोच्या असं सगळं एकाच मुठीत मिटतं. आपल्याकडे एका कडीत ओवलेलं चांदीचं दातकोरणं आणि कानकोरणं कमरेला लटकवणारी माणसं होतीच. आणि न्हाव्याचा वस्तरा? तोही घडीचा चाकूच की! स्प्रिंग नाही, इतकंच. मग आलं इंग्लंडातलं शेफिल्ड. तिथल्या जोसेफ रॉजर्सच्या कारखान्यानं १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी ७५ पात्यांचा आणि अवजारांचा अवाढव्य चाकू घडवला. तो कुठल्या खिशात मावणार, हे कुणी विचारलं नसावं.

पण मला आज बोलायचं आहे ते दोन गावांबद्दल. एक स्वित्झर्लंडमधलं ईबाख, दुसरं आपल्या उत्तर प्रदेशातलं रामपूर. दोन्ही गावं चाकूसाठी जगभर ओळखली गेली, पण दोघांच्या वाट्याला आलेली ओळख एकसारखी नाही.

ईबाख हे श्वित्स परगण्यातलं लहानसं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा भाग गरीब होता. कारखाने नव्हते, शेतीत भागत नव्हतं, तरुण पोरं अमेरिकेची वाट धरत होती. टोप्या बनवणाऱ्या एका माणसाचा मुलगा, कार्ल एल्सनर, बापाचा धंदा सोडून चाकू घडवायला शिकला, पॅरिसला आणि जर्मनीतल्या टुटलिंगनला उमेदवारी करून परतला, आणि १८८४ साली त्यानं ओढ्याच्या पाण्यावर चालणारी आपली कार्यशाळा उघडली. तेव्हाच्या स्विस सैन्याला प्रत्येक शिपायासाठी एक घडीचा चाकू हवा होता. शत्रूच्या पोटात खुपसायला नव्हे. नवी बंदूक खोलून साफ करायला स्क्रू ड्रायव्हर लागायचा, शिधा डब्यातून यायचा म्हणून डबा उघडायचं पातं हवं होतं, चामड्याला भोक पाडायला आरी आणि पाव कापायला एक मोठं पातं. चारच अवजारं. सैनिकी चाकूची ही यादी स्वयंपाकघरातली किंवा मोच्याच्या दुकानातली वाटते, आणि मला तीच त्याची गंमत वाटते.

गोम अशी, की हे पहिले चाकू जर्मनीतल्या झोलिंगनहून आले. आपल्या शिपायाचा चाकू परदेशातून यावा आणि आपल्या पोरांनी परदेशी जावं, हे एल्सनरला पटेना. त्यानं देशातल्या चाकूवाल्यांचा संघ उभा केला आणि १८९१ साली सैन्याला पहिला माल दिला. पण झोलिंगनचे मोठे कारखाने तोच चाकू स्वस्तात देऊ शकत होते. संघातले बाकीचे कारागीर हळूहळू बाजूला झाले. एल्सनर मात्र तोटा सोसत राहिला, कर्जात बुडाला, नातेवाइकांच्या मदतीवर तरला. मग त्यानं डोकं चालवलं. शिपायाचा चाकू जड होता. अधिकाऱ्यांसाठी त्यानं हलका, नेटका चाकू बनवला. पाठीतल्या स्प्रिंगच्या एकाच अंगाला अवजारं बसवायची पद्धत होती. त्यानं त्याच स्प्रिंगला दोन्ही अंगांनी कामाला लावलं. तेवढ्याच जागेत दुप्पट सोय! एक छोटं पातं आणि बूच काढायचा काटा वाढला. १२ जून १८९७ रोजी या रचनेची नोंदणी झाली. सैन्यानं हा चाकू अधिकृतपणे कधी दिला नाही, अधिकारी तो स्वतःच्या पैशानं विकत घेत.

१९०९ साली एल्सनरची आई वारली. तिचं नाव व्हिक्टोरिया. त्यानं आपल्या मालावर तेच नाव घातलं. पुढे १९२१ मध्ये न गंजणारं पोलाद आलं, त्याचं फ्रेंच नाव 'इनॉक्स' त्याला जोडलं गेलं आणि 'व्हिक्टोरिनॉक्स' तयार झालं. आई आणि पोलाद यांची अशी संधी व्याकरणात सापडायची नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या अमेरिकी सैनिकांना त्याचं जर्मन नाव उच्चारता येईना, म्हणून ते 'स्विस आर्मी नाइफ' म्हणू लागले. सैनिकाचं हत्यार जगभर भेटवस्तू झालं. १९९५ मध्ये ख्रिस हॅडफील्ड हा कॅनडाचा अंतराळवीर 'मीर' या रशियन अवकाशस्थानकाच्या दाराशी अडला, तेव्हा दाराभोवतीचं आवरण त्यानं अशाच चाकूनं कापलं.

चाकूला पक्कडही हवी, हे मात्र एका अमेरिकी इंजिनिअरला सुचलं. टिम लेदरमन १९७५ मध्ये बायकोबरोबर जुन्या फियाट गाडीतून युरोप आणि पश्चिम आशिया हिंडत होता. गाडी सारखी बिघडायची, हॉटेलातले नळ गळायचे, आणि खिशात नुसता चाकू. नकार पचवत त्याची घडीची पक्कड बाजारात यायला १९८३ उजाडलं. आज मोटारसायकलवरून लडाखला जाणाऱ्या आपल्या पोरांच्या पट्ट्याला ती दिसते.

आता रामपूर. या नवाबी संस्थानाच्या नावावर काय काय आहे पाहा. रामपूर-सहसवान घराण्याचं गाणं आहे. रझा ग्रंथालयात हजारो हस्तलिखितं आहेत, खुशनवीसांचे एकाहून एक नमुने आहेत, म्हणजे हे गाव मुळात कलमतराशाचं. तिथल्या कारागिरांनी खटका दाबताच उघडणारा, पितळी कलाकुसरीचा घडीचा चाकू बनवला. काम इतकं सफाईचं, की 'रामपुरी' हे विशेषण न राहता नाम झालं. आणि मग हिंदी सिनेमा आला. १९६५ च्या 'वक्त'मध्ये राजकुमारनं चाकूवरून ऐकवलेला संवाद आजही लोक आरशासमोर म्हणतात. पुढे वीस-पंचवीस वर्षं पडद्यावरच्या प्रत्येक मवाल्याच्या हातात रामपुरी असायचा. ईबाखचा चाकू म्हटलं की सहल आठवते, रामपूरचा म्हटलं की गल्लीतला खून. पोलाद दोन्हीकडे तेच. रामपूरचं पातं लांब होतं, खटक्यानं उघडत होतं, हे खरं. पण त्याला बदनाम केलं ते गोष्टींनी, आणि त्या गोष्टी रामपूरच्या कारागिरांनी लिहिलेल्या नव्हत्या. १९९० च्या दशकात उत्तर प्रदेश सरकारनं साडेचार इंचांहून लांब पात्याच्या चाकूंवर बंदी घातली. एकेक दुकान बंद पडत गेलं. २०२३ मध्ये याच रामपुरात एका चौकात सुमारे वीस फूट लांबीचा चाकू उभारण्यात आला. साडेचार इंचांची परवानगी आणि वीस फुटांचं स्मारक! यावर वेगळा शेर लिहायची गरज नाही.

अवजार कुठे संपतं आणि शस्त्र कुठे सुरू होतं, हे प्रत्येक देशानं असं पट्टी घेऊन ठरवलं आहे. आपल्या शस्त्रनियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्रात मोडतं. घरकामाचं, शेतीचं, कारखान्याचं असेल तर नाही. इंग्लंडात सबळ कारणाशिवाय खिशात बाळगायच्या घडीच्या चाकूची मर्यादा ३ इंच. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ पर्यंत ४ इंचांहून आखूड पातं विमानातही नेता यायचं. त्या दिवसानंतर ते बंद झालं. २०१३ मध्ये अगदी छोट्या चाकूंना पुन्हा मुभा द्यायचा प्रस्ताव आला, तो विमानातल्या कर्मचाऱ्यांच्या विरोधामुळे मागे घेतला गेला. त्यांची भीती मला चूक वाटत नाही.

त्या सप्टेंबरचा फटका ईबाखला थेट बसला. विमानतळांवरच्या दुकानांतली विक्री थांबली आणि चाकूंचा खप जवळजवळ तिसऱ्या हिश्शानं घसरला. ज्या गावात पोरांना काम मिळावं म्हणून हा उद्योग सुरू झाला, तिथेच आता कामगार घरी बसायची वेळ आली. पण एल्सनर घराण्यानं कुणाला काढलं नाही. साठलेल्या रजा घ्यायला लावल्या, काही कामगार तेवढ्यापुरते आसपासच्या उद्योगांना दिले, घड्याळं आणि प्रवासी बॅगांच्या धंद्यावर भर दिला. २००५ मध्ये त्यांचा जुना प्रतिस्पर्धी वेंगर मोडकळीला आला, तोही त्यांनी विकत घेतला. रामपूरच्या कारागिरांच्या पाठीशी असं कुणी उभं राहिल्याचं मला दिसत नाही.

२०२४ साली ईबाखहून आणखी एक बातमी आली. देशोदेशीचे कायदे कडक होत चाललेत, तेव्हा पातं नसलेली खिशातली अवजारंही बनवण्याचा आमचा विचार आहे, असं एल्सनर यांच्या चौथ्या पिढीतल्या प्रमुखांनी सांगितलं. चाहत्यांनी इतका गलका केला, की नेहमीचा चाकू पात्यासकट बनतच राहील, असा खुलासा कंपनीला करावा लागला. मी भाच्याला फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, "मग मामू, आंबा कशानं कापायचा?"