सक्तीचा प्रेक्षक आणि निमंत्रित रसिक

माझ्या वयाच्या वाचकांना ते दृश्य अजून आठवत असेल. चित्रपटगृहातले दिवे मालवत, पण ज्यासाठी तिकीट काढले तो चित्रपट काही लगेच सुरू होत नसे. आधी पडद्यावर फिल्म्स डिव्हिजनचे नाव झळके आणि मग पूर, धरणे, उद्घाटने व कुटुंबनियोजन ह्यांची चित्रे सरकू लागत. नेहमीचे प्रेक्षक त्या वेळेचा हिशेब धरूनच घरून निघत. ह्याच कंटाळवाण्या वाटणाऱ्या मिनिटांत आपल्या देशातील काही अत्यंत धाडसी कलाकृती सामान्य प्रेक्षकांसमोर येऊन गेल्या, ही गोष्ट मात्र फारच थोड्यांच्या ध्यानात आली.

ह्या सक्तीचे मूळ ब्रिटिश अमदानीत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1943 साली, भारत संरक्षण नियमांचा आधार घेऊन सरकारने प्रत्येक खेळाबरोबर मान्यताप्राप्त प्रचारपट दाखविणे बंधनकारक केले. त्याची मर्यादा दोन हजार फुटांची, म्हणजे सुमारे बावीस मिनिटांची होती. युद्ध संपल्यावर तो नियम मागे पडला. परंतु 1948 साली स्वतंत्र भारताच्या सरकारने मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना केली आणि सक्ती पुन्हा आली. चित्रफीत दाखविणे ही परवान्याची अट झाली, आणि तिचे भाडेही थिएटरमालकानेच भरायचे होते. पुढे 1999 साली सर्वोच्च न्यायालयानेही ही अट वैध ठरविली. इतका मोठा आणि इतका हमखास प्रेक्षकवर्ग जगातील फार थोड्या लघुपटकारांच्या वाट्याला आला असेल.

1960च्या दशकाच्या मध्यास ह्या संस्थेत जीन भावनगरी सल्लागार म्हणून परतले. युनेस्कोत काम केलेल्या ह्या गृहस्थांनी सरकारी चौकटीतच कलावंतांना मोकळीक मिळवून दिली. चित्रकार मकबूल फिदा हुसेन ह्यांनी राजस्थानात जाऊन ‘थ्रू द आईज ऑफ अ पेंटर’ हा लघुपट केला. त्यात निवेदन नाही की कथा नाही. छत्री, कंदील, जोडा, माणसे आणि जनावरे ह्यांच्या प्रतिमा संगीताच्या साथीने एकमेकींशेजारी ठेवलेल्या आहेत, एवढेच. 1967 साली बर्लिनच्या महोत्सवात त्याला लघुपटांसाठीचे सुवर्ण अस्वल मिळाले. प्रागमध्ये सचेतपटाचे शिक्षण घेतलेले प्रमोद पती ह्यांनी 1968 साली ‘एक्सप्लोरर’ आणि 1972 साली ‘आबिद’ केला. ‘आबिद’मध्ये चित्रकार व लेखक आबिद सुरती ह्यांना एकेका चौकटीगणिक जागचे हलवून, जिवंत माणसालाच बाहुलीसारखे चालविले आहे. चित्रकार तय्यब मेहता ह्यांनी 1970 साली ‘कूडल’ केला. त्यातील काही भाग वांद्र्याच्या कत्तलखान्यात चित्रित झाला होता.

ह्या कृतींना प्रेक्षक लाभला, पण तिला रसिकांची भेट म्हणता येईल काय? येथे न्यूयॉर्कमधील एका समांतर उदाहरणाशी तुलना करणे उद्बोधक ठरेल. नाझींच्या आक्रमणानंतर व्हिएन्ना सोडून आलेले आमोस व्होगेल आणि त्यांच्या पत्नी मार्सिया ह्यांनी 1947 साली ‘सिनेमा 16’ ही संस्था काढली. आदल्याच वर्षी माया डेरेन ह्यांनी ग्रेनिच व्हिलेजमधील प्रॉव्हिन्सटाउन प्लेहाउस भाड्याने घेऊन स्वतःचे प्रयोगपट दाखविले होते. व्होगेल दांपत्याने त्यापासून स्फूर्ती घेतली. सेन्सॉरचा जाच टाळण्यासाठी त्यांनी संस्था सभासदांपुरती ठेवली. एकाच संध्याकाळी विज्ञानपट, माहितीपट आणि प्रयोगपट शेजारी शेजारी मांडायचे, सोबत छापील टिपणे द्यायची, अशी त्यांची पद्धत होती. सभासदसंख्या सुमारे सात हजारांवर गेली. तरीही खर्चाचा मेळ न बसल्याने 1963 साली संस्था बंद पडली.

एकीकडे लाखोंचा प्रेक्षक होता, पण त्याला कोणी काही सांगितले नव्हते. दुसरीकडे काही हजारांचाच प्रेक्षक होता, पण तो आपण होऊन आला होता आणि पाहण्यास सिद्ध होता. आपल्याकडे ‘एक्सप्लोरर’सारखा लघुपट वृत्तचित्रांच्या रांगेतूनच येई. त्याची ओळख करून देणारे कोणी नव्हते आणि नंतर चर्चाही होत नसे. दाखविण्याची यंत्रणा देशभर होती, निवडून मांडणारा माणूस मात्र नव्हता. प्रेक्षक अरसिक होता, असे म्हणून ह्या उणिवेवर पांघरूण घालता येणार नाही.

जे सरकारी व्यवस्थेबाहेर राहिले त्यांची कथा तर अधिक करुण आहे. नेहरू शिष्यवृत्तीच्या साहाय्याने अकबर पदमसी ह्यांनी 1969 साली मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ उभारले. चित्रकारांनी आणि छायाचित्रकारांनी तेथे एकत्र यावे, ही त्यामागची कल्पना होती. तरुण नलिनी मलानी ह्यांचे आरंभीचे चित्रपटप्रयोग तेथेच झाले. पदमसींनी स्वतः दोन लघुपट केले. त्यांपैकी ‘सिझिजी’ टिकला. ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ची एकुलती एक प्रत हरवली, ती हरवलीच. पुढे 2016 साली दिग्दर्शक आशिम अहलुवालिया ह्यांनी वृद्ध पदमसींना सोबत घेऊन, त्या हरवलेल्या कृतीच्या शोधाचाच एक चित्रपट केला.

मधल्या काळात निमंत्रणाचा मार्ग आपल्याकडेही रुळत गेला. 1968 साली मुंबईत सुरू झालेल्या प्रभात चित्र मंडळाने मराठी रसिकाला चित्रपटाकडे गांभीर्याने पाहण्याची सवय लावली. 2003 साली शाय हेरेडिया ह्यांनी प्रयोगपटांसाठीच ‘एक्सपेरिमेंटा’ हा महोत्सव मुंबईत सुरू केला, तो पुढे बंगळूरला स्थिरावला. 2012 साली खुद्द फिल्म्स डिव्हिजननेच ‘एफडी झोन’ ह्या उपक्रमाद्वारे जुने लघुपट आणि नवे माहितीपट विनामूल्य दाखवून प्रेक्षकांशी संवाद आरंभला. पती, हुसेन ह्यांच्या कृती नव्या पिढीने समजून घेतल्या त्या अशाच निवडक खेळांमधून. 2022 साली फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले आणि एक पर्व संपले.

सक्तीमुळे ह्या चित्रपटांना पैसा मिळाला, पडदा मिळाला आणि सरकारी संग्रहात त्यांच्या प्रती राहिल्या, हे तिचे ऋण मान्यच केले पाहिजे. पदमसींच्या हरवलेल्या लघुपटाला त्यांतले काहीच लाभले नाही. परंतु प्रती जपणे आणि कृती पोहोचविणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामासाठी आस्थेने निवड करणारा, दाराशी उभा राहून स्वागत करणारा आणि दिवे लागल्यावर प्रश्नांना सामोरा जाणारा संयोजक लागतो. आपल्या कलेच्या इतिहासात चित्रकाराचे नाव नोंदले जाते, दिग्दर्शकाचेही नोंदले जाते. ह्या संयोजकाचे नावही त्यांच्या शेजारी यावयास हवे.