उरलेली त्वचा : प्रस्तावना

भरपूर वजन उतरवलेल्या माणसाचे दोन फोटो शेजारी शेजारी छापण्याची पद्धत आता सगळ्यांच्या परिचयाची आहे. पहिल्यात पँट कमरेला घट्ट बसलेली, दुसऱ्यात तीच पँट हाताने पुढे ओढून धरलेली आणि चेहऱ्यावर रास्त अभिमान. दोन्ही फोटोंत अंगभर कपडे असतात. या पुस्तकाचा विषय त्या कपड्यांच्या आत आहे, म्हणून तो फोटोत येत नाही आणि बहुतेक वेळा बोलण्यातही येत नाही. चाळीस-पन्नास किलो वजन अंगावरून उतरते, पण ते इतकी वर्षे वागवणारी त्वचा मागे राहते: पोटावर वळी होऊन, दंडाखाली झोळ होऊन, मांड्यांच्या आतल्या बाजूला एकमेकींवर घासत.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक शिक्षिका आल्या होत्या. बेरिॲट्रिक, म्हणजे वजन घटवण्याच्या, शस्त्रक्रियेनंतर त्यांचे वजन 118 किलोवरून 69 वर आले होते. मधुमेहाची गोळी सुटली होती, जिन्याची धास्ती गेली होती. बोलता बोलता त्यांनी पर्समधून एक लहान गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. जुनी सुती साडी फाडून, कडा दुमडून घरी शिवलेल्या हातभर पट्ट्या होत्या त्या. शाळेत जाताना एक पट्टी पोटाच्या वळीखाली, परकराच्या नाडीच्या जरा वर ठेवायची आणि मधल्या सुट्टीत बदलायची. मार्च-एप्रिलमध्ये दोनदा. घामाने तिथली कातडी सोलवटे, खाज सुटे, बुरशी धरे. मलमाने आठ दिवस बरे वाटे, मग पुन्हा तेच. एवढे सांगून त्या जरा ओशाळल्या आणि म्हणाल्या, "घरचे म्हणतात, वजन उतरलं ना, आता ही कसली हौस?"

हौस हा शब्द या विषयाला दारातच आडवा येतो. हौस असेल तर तिची लाज वाटते, आणि गरज असेल तर ती सिद्ध करावी लागते. प्रत्यक्षात एकाच शरीरात दोन्ही नांदत असतात. पोटाची वळी जखम करते. दंडाचा झोळ जखम करत नाही, पण त्याच्यापायी माणूस भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्या घालतो. यातले काय हौसेत मोडते आणि काय गरजेत, हे बाहेरच्याने ठरवणे कठीण. म्हणून वाचकांनी हे पुस्तक उघडताना ते दोन्ही शब्द थोडे बाजूला ठेवावेत, अशी माझी विनंती आहे. त्याऐवजी एक साधा व्यवहारी प्रश्न सोबत घ्यावा: काय द्यायचे आणि त्याबदल्यात काय मिळणार?

आधी त्वचा परत का येत नाही, ते पाहू. त्वचेला बळकटी देतात ते कोलॅजनचे तंतू, आणि ताणल्यावर पूर्ववत आणतात ते इलॅस्टिनचे. इलॅस्टिन मुख्यतः वाढीच्या वयात तयार होते. पुढे त्यात मोलाची भर पडत नाही. वर्षानुवर्षे ताणलेल्या त्वचेत हे तंतू तुटतात, विरळ होतात. थोडे वजन उतरले, वय कमी असले, तर त्वचा बरीचशी आवरते. पण वजन खूप आणि फार काळ राहिले असेल, तर ती आवरण्याची ताकदच उरत नाही. व्यायामाने स्नायू भरतात, त्वचा आखडत नाही. क्रीम वरच्या थरापलीकडे फारसे पोचत नाही. म्हणून वळी लोंबते आहे म्हणजे तुमच्या कष्टांत काही उणे राहिले, असे मुळीच समजू नका. उलट, केवढा पल्ला गाठला त्याचीच ती खूण आहे.

अशी त्वचा काढण्याचे काम प्लास्टिक सर्जरीचे, म्हणजे माझ्या शाखेचे. तिच्या नावातला 'प्लास्टिक' पुष्कळांना बुचकळ्यात टाकतो. बादलीच्या प्लास्टिकशी त्याचा संबंध नाही. आकार देणे, घडवणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते नाव आले, आणि ते बादलीच्या आधीचे आहे. घडवण्याच्या या विद्येच्या इतिहासात पुण्याचे एक मानाचे पान आहे. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा बैलगाडीवान 1792 मध्ये टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. हा माणूस वैद्य नव्हता. विटा करणाऱ्या, म्हणजे आपल्या कुंभारांच्या, जातीतला होता. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर 1794 मध्ये त्याची हकिकत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने अभ्यास केला आणि 1814 मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. नाक घडवण्याची ही वाट सुश्रुतसंहितेपासूनची. युरोपला ती नव्याने दिसली ती पुण्याच्या या बातमीतून.

त्या हकिकतीतली एक बारीक गोष्ट या पुस्तकाची किल्ली आहे. त्या कारागिराने आधी मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक करून पाहिले. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ ओढली आणि तेवढी त्वचा सोडवून खाली वळवली. पण सगळी सोडवली नाही. दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद देठ राखला. नवी जागा धरेपर्यंत त्वचेला रक्त पोचले ते त्या देठातून. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास, सांधा जुळल्यावर, देठ कापला. आजची प्लास्टिक सर्जरी कितीही पुढे गेली असली, तरी तिचा पहिला धडा हाच आहे: किती कापायचे हे नंतर, रक्त कुठून येते हे आधी.

म्हणूनच लोकांच्या तोंडची शिंप्याची उपमा मला अपुरी वाटते. 'कपडा सैल झाला, अल्टर करून घ्यायचा' असे रुग्ण हसत म्हणतात, आणि मोजमापापुरते ते बरोबरही आहे. शस्त्रक्रियेच्या आधी आम्ही रुग्णाला उभे करून मार्करने रेघा मारतो, कारण आडवे झाल्यावर वळी पसरते आणि अंदाज चुकतो. चिमटीत त्वचा धरायची, सोडायची, पुन्हा धरायची. दोन्ही बाजू टेपने मोजायच्या. साडी किंवा पँट कुठे नेसता-घालता ते विचारून व्रणाची रेघ त्याखाली बसवायची. इथवर काम शिंप्याचे. पुढे मात्र कुंभाराचा देठ आठवावा लागतो. कापड चुकीचे कापले तर ते वाया जाते. त्वचेची रक्तवाट तुटली तर ती काळी पडते, मरते. पोटाच्या शस्त्रक्रियेत बेंबी तिच्या देठासकट जागेवरच ठेवतात, वरची त्वचा खाली ओढून घेतात आणि तिला नवे छिद्र पाडून त्यातून बेंबी बाहेर काढतात. रुग्णांना वाटते बेंबी हलवली. हललेली असते ती भोवतालची त्वचा.

या शाखेचा पुढचा प्रवास थोडक्यात असा. अमेरिकेत बाल्टिमोर इथे हॉवर्ड केली यांनी 1899 मध्ये पोटाची लोंबती वळी काढल्याची नोंद केली. ब्राझीलचे इवो पितांगी यांनी 1967 मध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेवरचा आपला मोठा अनुभव प्रसिद्ध केला. त्याच सुमारास, 1966 मध्ये, एडवर्ड मेसन यांनी आयोवात वजन घटवण्यासाठी गॅस्ट्रिक बायपास सुरू केला, आणि पुढे अशा शस्त्रक्रिया वाढल्या तसा उरलेल्या त्वचेचा प्रश्नही वाढला. टेड लॉकवूड यांनी 1991 मध्ये मेदाच्या आत पसरलेल्या तंतुमय पडद्याचे महत्त्व दाखवून दिले. ताण त्वचेवर न देता त्या पडद्यावर पेलला, तर व्रण कमी रुंदावतो आणि सहसा जागा सोडत नाही. आपल्याकडे नागपूरला डॉ. सी. बालकृष्णन यांनी आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. एन. एच. अँटिया यांनी या विद्येचा पाया घातला. अँटियांनी कुष्ठरुग्णांचे चेहरे आणि हात सुधारण्यात आयुष्य वेचले. रूप परत देणे हा चैनीचा मामला नाही, हा धडा आमच्या पिढीला त्या परंपरेतून मिळाला, आणि त्याचा आम्हाला अभिमान वाटतो.

आता हे पुस्तक कसे वाचावे, याविषयी. पहिली प्रकरणे शस्त्रक्रियेची नाहीत, थांबण्याची आहेत. ती कृपया ओलांडू नका. बेरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतर साधारण 12 ते 18 महिने जाऊ द्यावेत आणि वजन किमान 3 ते 6 महिने एका जागी टिकलेले असावे. वजन उतरतेच आहे तोवर कापले, तर त्वचा पुन्हा सैल पडते. दुसरी गोष्ट पोषणाची. पोट लहान झालेल्या माणसाच्या अंगात प्रथिने, लोह, बी-12 आणि ड जीवनसत्त्व कमी पडण्याची शक्यता असते, आणि जखम भरून येते ती त्यांच्याच जोरावर. तिसरी गोष्ट तंबाखूची. सिगारेट असो की मिश्री, निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळते, म्हणजे आपल्या भाषेत देठच आवळते. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर किमान चार आठवडे तंबाखू पूर्ण बंद हवी.

त्यानंतर एकेका अवयवाची प्रकरणे येतात. तिथे तुम्हाला दोन सारख्या दिसणाऱ्या शस्त्रक्रियांतला फरक कळेल. पॅनिक्युलेक्टॉमीत फक्त लोंबती वळी काढतात. ॲबडॉमिनोप्लास्टीत, म्हणजे बोलण्यातल्या 'टमी टक'मध्ये, फाकलेले स्नायूही शिवून जवळ आणतात. कमरेभोवती गोल फिरणारी लोअर बॉडी लिफ्ट, दंडाची ब्रॅकिओप्लास्टी, मांड्या आणि छाती यांचे मार्ग वेगवेगळे. सगळे एकाच बैठकीत उरकावे असा मोह होतो. भूल जितकी लांबते तितका धोका वाढतो, म्हणून टप्पे पाडावेत आणि दोन टप्प्यांत काही महिन्यांचे अंतर राखावे.

धोक्यांचे प्रकरण मुद्दाम मोठे ठेवले आहे. त्वचेखाली पाणी साठणे, टाके उसवणे, जंतुसंसर्ग, बधिरपणा, आणि सर्वांत गंभीर म्हणजे पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाणे. यासाठीच दुसऱ्या दिवसापासून, बहुधा त्याच संध्याकाळपासून, रुग्णाला चालवतात. आणि पोट ताणू नये म्हणून काही दिवस कमरेतून वाकून चालावे लागते. जखमेतले पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या, म्हणजे ड्रेनच्या, बाटलीत रोज किती जमले ते घरात कोणीतरी वहीत लिहायचे. प्रेशर गारमेंट, म्हणजे अंगाला घट्ट दाब देणारा कपडा, काही आठवडे घालायचा. पाण्याची बादली, गॅसचे सिलिंडर, धावत येऊन बिलगणारे नातवंड: साधारण सहा आठवडे काहीही उचलायचे नाही. आणि व्रण कायमचा. तो मऊ आणि फिका व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर तो जाड होण्याची शक्यताही अधिक. या सौद्यात वळी जाते आणि तिच्या जागी रेघ येते, हे आधीच मनाशी मान्य असेल तर नंतर फसवले गेल्यासारखे वाटत नाही.

पैशांविषयीही स्पष्ट बोललेले बरे. विमा नियामक आयआरडीएआयने ठरवून दिलेल्या आरोग्य विम्याच्या अटींत कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी वगळलेली आहे. अपवाद अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेचा, तसेच आरोग्याचा थेट आणि तातडीचा धोका टाळण्यासाठी आवश्यक असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केलेल्या उपचाराचा. त्यामुळे वळीखाली वारंवार होणाऱ्या जखमांचे कागद, फोटो, औषधांच्या चिठ्ठ्या तारखेनिशी जपून ठेवा. त्याने दावा मंजूर होईलच असे नाही. कागदांवाचून मात्र बोलायलाही जागा राहत नाही. सर्जन निवडताना त्यांची प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा समकक्ष पदवी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. हा प्रश्न आम्हाला अपमानाचा वाटत नाही.

वजन कमी करणारी नवी इंजेक्शने आता आपल्याकडेही आली आहेत. त्यामुळे बेरिॲट्रिक शस्त्रक्रिया न करताही उरलेल्या त्वचेपाशी येऊन पोचणारे लोक वाढतील. त्यांच्यासाठी, त्यांच्या फॅमिली डॉक्टरांसाठी आणि 'कसली हौस' असे विचारणाऱ्या त्यांच्या घरच्यांसाठी हे पुस्तक आहे. यातले सगळे वाचून 'मला नको' असे ठरवणाऱ्या वाचकालाही ते तितकेच उपयोगी पडले, तर आमचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्यापूर्वी एक छोटे काम करा. कोऱ्या कागदावर, त्वचेमुळे दिवसभरात नेमके काय अडते, ते लिहून काढा. त्या शिक्षिकाबाईंनाही मी हेच सांगितले होते. त्यांचे हिमोग्लोबिन कमी होते, म्हणून आठ महिने थांबावे लागले आणि तोवर त्यांची यादी दोनदा बदलली. शेवटच्या यादीत पोट होते, दंड नव्हते. मी विचारले तर म्हणाल्या, "हात राहू देत. फळ्यावर लिहिताना झोळ हलतो, पोरं बघतात, पण लिहिणं काही अडत नाही." त्यांनी फक्त पोटाची शस्त्रक्रिया करून घेतली. कोणती रेघ पत्करायची आणि कोणता झोळ राहू द्यायचा, हा हिशेब त्यांचा त्यांनी केला. तुमचा हिशेब वेगळा निघेल. तो मांडायला लागणारी माहिती पुढच्या पानांत आहे.