सबुरीचा पैसा

इथे ईलिंगमध्ये तुमच्या देवघरापाशी कदाचित शिर्डीच्या साईबाबांची तसबीर असेल आणि खाली दोन शब्द असतील: श्रद्धा, सबुरी. त्यातला दुसरा शब्द इतका आपला झालाय, की तो अरबी ‘सब्र’वरून आला हे ध्यानातही येत नाही.

गोविंद रघुनाथ दाभोलकरांच्या ‘श्रीसाईसच्चरित’ या 1930 सालच्या ओवीबद्ध ग्रंथात एक गोष्ट आहे. राधाबाई देशमुख नावाच्या म्हाताऱ्या बाई, बाबा कानमंत्र देईनात म्हणून उपास धरून बसल्या. बाबांनी समजावलं, की माझ्या गुरूंनीही मला मंत्र दिला नाही. त्यांनी दोनच पैसे मागितले. एक निष्ठेचा, दुसरा सबुरीचा. हे सांगणारा फकीर मशिदीत राहत होता. बाबांचा धर्म कोणता, हा वाद आज नको. शब्दाचं माहेर मात्र पक्कं आहे.

आपण सबुरी म्हणजे मुकाट्यानं सोसणं, असं धरून चालतो. इस्लामी परंपरेत तेवढंच नाही. सब्रचा मूळ अर्थ आवरून धरणं. कुराणातले याकूब पैगंबर मुलगा यूसुफ हरवल्यावर ‘सुंदर सब्र’ असे शब्द काढतात, आणि त्याच कथेत दुःखानं त्यांचे डोळे पांढरे होतात. गाऱ्हाणंही ते मांडतात, पण अल्लाहपाशी. प्रेषित महंमदांचा तान्हा मुलगा इब्राहिम गेला तेव्हा त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. सोबत्याला नवल वाटलं. ते म्हणाले, ही तर दया आहे. म्हणजे रडलं की सब्र सुटला, असं नव्हे.

आणि सब्र एकट्या दुःखी माणसावर सोडलेला नाही. 629 साली मुअताच्या लढाईत प्रेषितांचे चुलतभाऊ जाफर पडले. तेव्हा प्रेषितांनी लोकांना सांगितलं, जाफरच्या घरच्यांसाठी जेवण रांधा, त्यांना आज सुचणार नाही. आपल्याकडचा कडू घास आठवला ना?

परदेशात हे फार लागतं. रात्री गावाहून फोन येतो, तिकीट मिळत नाही, आईचे अंत्यविधी फोनच्या पडद्यावर बघावे लागतात. अशा माणसाला ‘सबुरी धरा’ म्हणून आपण फोन ठेवतो. मला तरी हा त्या शब्दाचा फार स्वस्त वापर वाटतो. इथल्या सरकारी इस्पितळांत धीर द्यायला पाद्र्यांच्या बरोबरीनं इमामही असतात, आणि त्यांच्या कामाचा मोठा भाग म्हणजे खाटेशी बसून ऐकणं.

शेजारच्या मुस्लिम घरी कुणी गेलं, तर तुम्हीही जा. मयतीनंतर तीन दिवस लोक भेटायला येत असतात. बरोबर वरण-भाताचा डबा न्या. त्यात हलालचाही प्रश्न येत नाही.