गोष्टीतून उमगणारे दुसऱ्याचे मन

मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जाणाऱ्या एका गोष्टीत, लेकीकडे राहून धष्टपुष्ट झालेली म्हातारी भोपळ्यात बसून घरी निघते आणि वाटेत दबा धरून बसलेला वाघ त्या भोपळ्यालाच म्हातारीचा ठावठिकाणा विचारतो. या जागी चार-पाच वर्षांची मुले हमखास खुदकन हसतात. म्हातारी कोठे आहे हे त्यांना माहीत असते. वाघाला ते माहीत नाही, हेही त्यांना कळलेले असते. आपल्याला ठाऊक असलेली बाब समोरच्याला ठाऊक असेलच असे नाही, ही जाण सर्व सामाजिक संवादाचा पाया आहे. समजूत घालणे, गंमत करणे, क्षमा मागणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे या साऱ्यांना ती लागते.

ही जाण पारखण्याची पद्धत हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये मांडली. तिचे साधन गोष्ट हेच होते. १९८५ मध्ये सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली व उटा फ्रिथ यांनी तिचे सुटसुटीत रूप योजले. सॅली ही बाहुली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. तिच्या माघारी ॲन ती गोटी पेटीत लपवते. परत आल्यावर सॅली गोटी कोठे शोधेल, असे मुलांना विचारण्यात आले. सर्वसाधारण वाढ असलेल्या २७ पैकी २३ आणि डाउन सिंड्रोम असलेल्या १४ पैकी १२ मुलांनी अचूक उत्तर दिले. स्वमग्न मुलांपैकी मात्र २० पैकी १६ जणांनी गोटी खरोखर जेथे होती त्या पेटीकडे बोट दाखवले.

या निष्कर्षावरून स्वमग्न मुलांना भावनाच नसतात, असा चुकीचा अर्थ पुष्कळांनी काढला. प्रत्यक्षात त्यांच्या भावना तीव्र असू शकतात. अडचण असते ती परस्परांना समजून घेण्याची. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये ही अडचण दुहेरी असल्याचे प्रतिपादन केले. मुलाला भोवतालची माणसे कळत नाहीत तसेच त्या माणसांनाही मूल कळत नाही. गोष्टीचा उपयोग करताना हे भान सुटले की गोष्टीचा उपदेश होतो आणि मूल ऐकेनासे होते.

सर्वसाधारण वाढीच्या मुलांसाठी निराळी तयारी लागत नाही. अमेरिकेतील ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दोन ते तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना नुसते वाचून दाखवण्याऐवजी खुले प्रश्न विचारण्यास व मुलाच्या उत्तरात भर घालण्यास शिकवले. महिनाभरात ती मुले भाषिक अभिव्यक्तीत इतरांच्या पुढे गेली. आपल्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने मधूनमधून ‘हं’ म्हणण्याचा जो रिवाज होता, तोही संवादातील देवाणघेवाणीचा उत्तम पाठ होता. काऊ-चिऊच्या गोष्टीत पावसात घर वाहून गेलेला कावळा दाराशी भिजत उभा असतो आणि चिमणीची कामे काही संपत नाहीत. ‘कावळ्याला काय वाटत असेल?’ आणि ‘चिमणी दार का उघडत नसेल?’ हे दोन प्रश्न येथे पुरेसे आहेत. दुसऱ्या प्रश्नाला मुले कधी कधी अशी कारणे देतात की मोठ्यांनाही ती सुचू नयेत. त्या वेळी तात्पर्य सांगण्याची घाई करू नये.

स्वमग्न मुलांसाठी मात्र काल्पनिक गोष्टीहून वेगळा प्रकार विकसित झाला आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यातील शिक्षिका कॅरोल ग्रे यांनी १९९१ मध्ये ‘सोशल स्टोरी’ ही पद्धत सुरू केली. ज्या प्रसंगी मूल गोंधळते, त्या प्रसंगाचे लहानसे, सत्य आणि शांत वर्णन त्यात असते. ‘केलेच पाहिजे’ अशी भाषा टाळायची आणि सूचना देणाऱ्या एका वाक्यामागे वर्णन करणारी निदान दोन वाक्ये ठेवायची, असा त्यांचा दंडक आहे. गणेशोत्सवातील आवाजाने भेदरणाऱ्या मुलासाठी अशी गोष्ट पुढीलप्रमाणे लिहिता येईल:

‘गणपतीच्या दिवसांत आमच्या रस्त्यावर ढोल-ताशा वाजतो. आवाज मोठा असतो. पुष्कळ लोकांना तो आवडतो, काहींना त्याचा त्रास होतो. मला त्रास झाला तर मी कानांवर हात ठेवू शकतो किंवा आईला सांगून आतल्या खोलीत जाऊ शकतो. मिरवणूक पुढे गेली की आवाज बहुधा कमी होतो.’

यातील ‘बहुधा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मिरवणूक चौकात थांबली आणि आवाज वाढतच गेला, तरी गोष्ट खोटी ठरत नाही. शब्दशः अर्थ घेणाऱ्या मुलाचा विश्वास अशा एका शब्दावर टिकतो. गोष्ट घटनेच्या आधी, मूल शांत असताना वाचायची असते. रडारड सुरू झाल्यावर वाचलेली गोष्ट ही शिक्षाच वाटते.

या पद्धतीकडून अवास्तव अपेक्षाही बाळगू नयेत. ब्रिटनमधील ८७ शाळांतील २४९ मुलांवर झालेल्या चाचणीत मुलांच्या एकंदर सामाजिक प्रतिसादात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र प्रत्येक मुलासाठी ठरवलेले नेमके उद्दिष्ट या गटात अधिक वेळा साध्य झाले. एका गोष्टीने एक प्रसंग सुकर होतो, इतकेच म्हणता येते. ग्रे यांच्या आणखी एका नियमाकडे शाळांतून सर्रास दुर्लक्ष होते. मुलासाठी लिहिलेल्या एकूण गोष्टींपैकी निम्म्या गोष्टी, त्याला जे आधीच छान जमते त्याचे कौतुक करणाऱ्या असाव्यात, असे त्या सांगतात. केवळ चुकांवर गोष्टी मिळत गेल्या तर वहीत नवे पान दिसताच मूल धास्तावते.

याउलट वाट शिकागोतील बालशिक्षिका व्हिव्हियन पॅले (१९२९-२०१९) यांनी दाखवली. त्यांच्या वर्गात गोष्ट मुलाने सांगायची, बाईंनी ती लिहून घ्यायची आणि मग साऱ्या वर्गाने ती करून दाखवायची, असा परिपाठ होता. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका पुस्तकाच्या केंद्रस्थानी सतत हेलिकॉप्टर घेऊन वावरणारा आणि त्याच्या मोडलेल्या पात्यांखेरीज फारसे काही न बोलणारा मुलगा आहे. त्याचे हेलिकॉप्टर काढून घेण्यात आले नाही. हळूहळू वर्गातील इतर मुलांच्या गोष्टींतच त्या हेलिकॉप्टरला उतरायला जागा मिळू लागली.